वेबसॉकेटचा मेसेज हँडलर : दहा ओळींपासून भरवशाच्या सेवेपर्यंत

वेबसॉकेटची ओळख करून देणारा जवळजवळ प्रत्येक धडा एकाच उदाहरणाने सुरू होतो. ब्राउझरने पाठवलेला मजकूर सर्व्हरने जसाच्या तसा परत पाठवायचा. पायथन असो वा नोड, दहा-बारा ओळींत हे जमते. मजकूर स्क्रीनवर परत दिसतो आणि विषय समजला असे वाटते. मग तोच हँडलर ऑनलाइन वर्गासाठी, शेअरच्या भावांसाठी किंवा बसचे ठिकाण दाखवण्यासाठी वापरायला घेतला की प्रश्न उभे राहतात. एखाद्याचे नेट मध्येच गेले तर सर्व्हरला ते कळणार कसे? एकाचा फोन मंद असेल तर बाकीच्यांनी थांबायचे का? तुटलेले कनेक्शन पुन्हा जुळले तर मधल्या वेळचे मेसेज कुठून आणायचे?

गेल्या पंधरा वर्षांत या प्रश्नांवर बरेच काम झाले आहे आणि त्यातून काही पक्के धडे हाती आले आहेत. त्यांचा हा आढावा. सर्व्हरवरचा हँडलर साधा असावा, हे मला मनापासून पटते. मात्र तो साधेपणा कमी ओळींतून येत नाही. काय काय बिघडू शकते याचे निर्णय आधी घेऊन एका जागी लिहून ठेवले, तरच तो येतो.

वेबसॉकेटच्या आधी

एचटीटीपीची मूळ रचना विनंती आणि उत्तर अशी आहे. ब्राउझरने विचारायचे, सर्व्हरने सांगायचे, व्यवहार संपला. सर्व्हरकडे नवी बातमी आली तरी कोणी विचारल्याशिवाय ती सांगण्याची सोय त्यात नव्हती. १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्स्प्लोरर ५ ने पान न बदलता मागच्या मागे विनंती पाठवण्याची सोय दिली. २००५ मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी त्या पद्धतीला ‘एजॅक्स’ हे नाव दिले. दर काही सेकंदांनी ‘नवीन काही आहे का?’ असे विचारत राहणे, म्हणजे पोलिंग, त्यामुळे सोपे झाले. पण बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असेच असायचे आणि प्रत्येक ‘नाही’साठी शेकडो बाइटांचे हेडर ये-जा करायचे.

त्यावर लाँग पोलिंगचा उतारा निघाला. सर्व्हरने विनंतीला लगेच उत्तर न देता ती धरून ठेवायची, बातमी आली की उत्तर द्यायचे आणि ब्राउझरने ताबडतोब पुढची विनंती लावायची. अशा पद्धतींना २००६ मध्ये अ‍ॅलेक्स रसेल यांनी ‘कॉमेट’ हे नाव दिले. काम भागत होते, पण दोन्ही बाजूंनी मनात येईल तेव्हा बोलता येईल अशी सरळ वाट नव्हती.

ती वाट २००८ मध्ये एचटीएमएल ५ च्या चर्चांतून पुढे आली. इयन हिक्सन आणि मायकेल कार्टर यांच्या विचारविनिमयातून वेबसॉकेट हे नाव ठरले. डिसेंबर २००९ मध्ये क्रोमने ते प्रथम उपलब्ध करून दिले. वर्षभरात एक गंभीर अडचण समोर आली. वाटेतल्या काही प्रॉक्सी सर्व्हरना हा नवा संवाद समजत नाही आणि एखादे दुष्ट हेतूचे पान त्यांच्या कॅशमध्ये खोटा मजकूर पेरू शकते, असे संशोधकांनी दाखवून दिले. २०१० च्या अखेरीस फायरफॉक्स आणि ऑपेरा यांनी ही सोय तात्पुरती बंद ठेवली. दुरुस्त आराखडा डिसेंबर २०११ मध्ये आरएफसी ६४५५ म्हणून प्रसिद्ध झाला आणि आजचे वेबसॉकेट त्यावरच उभे आहे.

मेसेज हँडलरपर्यंत कसा येतो

सुरुवात साध्या एचटीटीपी विनंतीनेच होते. ब्राउझर ‘अपग्रेड’ हेडरसोबत १६ यादृच्छिक बाइटांची एक किल्ली पाठवतो. सर्व्हर त्या किल्लीला मानकात ठरवून दिलेला ३६ अक्षरांचा मजकूर जोडतो, त्याचा शा-१ हॅश काढतो आणि १०१ क्रमांकाच्या उत्तरातून परत पाठवतो. यातून गुप्तता मिळत नाही. समोरचा सर्व्हर वेबसॉकेट खरोखर जाणतो, एवढीच खात्री पटते. गुप्ततेसाठी टीएलएस हवेच, म्हणजे पत्ता डब्ल्यूएसएस ने सुरू व्हायला हवा.

त्यानंतर मेसेज फ्रेमच्या रूपात येतात. सर्व्हरकडून जाणाऱ्या लहान फ्रेमचे हेडर अवघ्या २ बाइटांचे असते. ब्राउझरकडून येणाऱ्या फ्रेममध्ये ४ बाइटांचा मास्क जास्तीचा असतो. २०१० च्या त्या अडचणीवरचा हा उपाय आहे. मास्कमुळे तारेवर नेमके कोणते बाइट जातील हे पानावरच्या स्क्रिप्टला ठरवता येत नाही, म्हणून प्रॉक्सीला फसवताही येत नाही. मजकूर, बायनरी, पिंग, पाँग आणि क्लोज अशा फ्रेमचे प्रकार वेगळे असतात. एकच मेसेज अनेक फ्रेममध्ये तुकड्या-तुकड्यानेही येऊ शकतो.

मराठीत काम करणाऱ्यांनी इथे जरा थांबावे. मजकुराचा मेसेज यूटीएफ-८ मध्येच असावा लागतो. देवनागरीची प्रत्येक खूण त्यात ३ बाइट घेते आणि तुकडा एखाद्या खुणेच्या मधोमध पडला तरी मानकाला ते चालते. म्हणून फ्रेम आली की लगेच तिचे अक्षरांत रूपांतर करणारा कोड इंग्रजीवर वर्षभर बिनबोभाट चालेल आणि मराठीवर पहिल्याच दिवशी मोडेल. पूर्ण मेसेज जुळल्यावर मगच तो अक्षरांत वाचायचा असतो. बाइट सदोष निघाले तर कनेक्शन १००७ या कोडने बंद करायचे असते. असे बारकावे शेकडो आहेत. ते तपासणाऱ्या ऑटोबान चाचणीसंचात पाचशेहून अधिक चाचण्या आहेत. शिकण्यासाठी एकदा फ्रेम हाताने उलगडून पाहावी, प्रत्यक्ष सेवेत मात्र नावाजलेली लायब्ररीच वापरावी.

हँडलर लिहिण्याच्या तीन रीती

लायब्ररी कोणतीही असो, हँडलर लिहिण्याच्या रीती ढोबळमानाने तीन आहेत.

पहिली कॉलबॅकची. कनेक्शन उघडले, मेसेज आला, चूक झाली, कनेक्शन बंद झाले, अशा प्रत्येक घटनेसाठी एकेक फंक्शन नोंदवायचे. नोडची ‘डब्ल्यूएस’ लायब्ररी आणि २०१३ च्या जावा ईई ७ मधील वेबसॉकेट एपीआय या रीतीचे. लिहायला सोपी असली तरी नोडमध्ये तिच्या दोन खाचा आहेत. मेसेज वाचताना जेसन सदोष निघाला आणि ती चूक कोणी पकडली नाही, तर एका माणसाच्या वाईट मेसेजमुळे अख्खी प्रोसेस कोसळते आणि सगळ्यांची कनेक्शने तुटतात. दुसरी खाच क्रमाची. हँडलर डेटाबेसच्या उत्तरासाठी थांबला असतानाच पुढच्या मेसेजचा हँडलर सुरू होतो. ‘जोडा’ आणि ‘काढा’ या क्रमाने आलेल्या आज्ञा त्यामुळे उलट्या क्रमाने पूर्ण होऊ शकतात.

दुसरी लूपची. पायथनच्या ‘वेबसॉकेट्स’ लायब्ररीत प्रत्येक कनेक्शनला एक असिंक फंक्शन मिळते आणि त्यात एकेक मेसेज घेत पुढे जायचे असते. हातातला मेसेज पूर्ण होईपर्यंत लूप पुढचा उचलत नाही, त्यामुळे क्रम आपोआप टिकतो. न पकडलेली चूक फक्त त्याच कनेक्शनला १०११ या कोडने बंद करते, बाकीची चालू राहतात. गो भाषेतही हाच विचार आहे. तिथल्या गोरिला लायब्ररीचा नियम असा की एका कनेक्शनवर एका वेळी एकच वाचणारा आणि एकच लिहिणारा असावा. तिच्या प्रसिद्ध चॅट उदाहरणात म्हणूनच प्रत्येक ग्राहकासाठी वाचणारी एक आणि लिहिणारी एक अशा दोन गोरूटीन आहेत.

तिसरी चॅनलची. एलिक्सिरच्या फीनिक्स फ्रेमवर्कमध्ये मेसेजसोबत विषय, घटनेचे नाव, मजकूर आणि संदर्भ क्रमांक येतो. घटनेच्या नावावरून योग्य ते फंक्शन निवडले जाते आणि प्रत्येक चॅनल स्वतंत्र प्रोसेसमध्ये चालतो. सॉकेट-आयओनेही घटनांची नावे, खोल्या आणि पोचपावती या सोयी वरच्या थरात दिल्या आहेत. त्याची किंमतही समजून घ्यायला हवी. सॉकेट-आयओचा स्वतःचा प्रोटोकॉल असल्याने साधा वेबसॉकेट ग्राहक त्याच्या सर्व्हरशी बोलू शकत नाही.

नव्याने शिकणाऱ्याला मी लूपची रीत सुचवेन. कनेक्शनचे पूर्ण आयुष्य त्यात वरून खाली वाचता येते: ओळख पटवा, नोंद करा, मेसेज घेत राहा आणि शेवटी काहीही झाले तरी नोंद पुसा. शेवटची पायरी ‘फायनली’मध्येच असावी. ती विसरली की मेलेली कनेक्शने यादीत साचतात आणि सर्व्हरची मेमरी हळूहळू भरत जाते.

मेसेजचा करार

वेबसॉकेट मेसेज पोहोचवते, त्याचा अर्थ ठरवत नाही. तो करार आपण लिहायचा. अनुभवाने टिकलेला आकार लहान आहे: प्रत्येक मेसेजमध्ये प्रकार, पाठवणाऱ्याने दिलेला क्रमांक आणि मजकूर. प्रकारावरून एका तक्त्यातून फंक्शन शोधायचे. प्रकार अनोळखी असेल तर गप्प न बसता त्याच क्रमांकासह चूक कळवायची. ‘जर-नाहीतर’ची लांबलचक साखळी टाळून असा तक्ता ठेवला, तर सेवेत काय काय चालते हे एका पानावर दिसते आणि नवा सहकारी तासाभरात कामाला लागतो.

करारात आकाराची मर्यादाही असावी. लायब्ररींचे मूळ आकडे फार वेगवेगळे आहेत. पायथनच्या ‘वेबसॉकेट्स’मध्ये मर्यादा १ मेबीबाइट आहे, नोडच्या ‘डब्ल्यूएस’मध्ये १०० मेबीबाइट, आणि गोरिलाच्या चॅट उदाहरणात फक्त ५१२ बाइट. हे शेवटचे उदाहरण जसेच्या तसे उचलले तर इंग्रजी लिहिणाऱ्याला ५१२ अक्षरे मिळतात, मराठीत मात्र सुमारे १७० खुणा, म्हणजे पंचवीस-तीस शब्द. पायथनच्या जेसन मॉड्यूलमध्ये आणखी एक खोच आहे. ते देवनागरीची प्रत्येक खूण मूलतः ६ बाइटांच्या सांकेतिक रूपात लिहिते. ‘नमस्कार’मध्ये ७ खुणा आहेत. यूटीएफ-८ मध्ये त्यांचे २१ बाइट होतात, सांकेतिक रूपात ४२. एक पर्याय बदलला की हा दुप्पट भार जातो. मराठी वापरणाऱ्यांसाठी सेवा बांधणाऱ्याने मर्यादा ठरवताना मराठी मजकूरच मोजून पाहावा.

मेसेज जेसनमध्येच असायला हवा असेही नाही. झिरोधाची काइट कनेक्ट ही सेवा शेअरबाजाराचे भाव वेबसॉकेटवरून बायनरी रूपात पाठवते. फक्त शेवटचा भाव हवा असेल तर एका शेअरचे पॅकेट ८ बाइटांचे असते, संपूर्ण तपशिलासह १८४ बाइटांचे. भाव पैशांत, पूर्णांक म्हणून येतो. एका कनेक्शनवर ३,००० शेअरपर्यंत मागता येतात, तेव्हा वाचलेला प्रत्येक बाइट मोलाचा ठरतो. वर्गातल्या प्रश्नोत्तरांसाठी मात्र जेसनच बरे, कारण लॉगमध्ये ते डोळ्यांनी वाचता येते.

ओळख आणि परवानगी

एका संकेतस्थळाच्या पानाला दुसऱ्या स्थळावरचे उत्तर वाचू न देण्याचा ब्राउझरचा नेहमीचा नियम वेबसॉकेटला लागू होत नाही. परक्या पानावरची स्क्रिप्ट तुमच्या सर्व्हरशी कनेक्शन उघडू शकते, आणि कुकी सोबत गेली तर लॉगिन केलेल्या माणसाच्या नावाने बोलूही शकते. सेमसाइट कुकींमुळे हा धोका कमी झाला असला तरी हँडशेकच्या वेळी ‘ओरिजिन’ हेडर तपासणे ही सर्व्हरची जबाबदारी आहे. ती एका ओळीची तपासणी आहे, वगळण्याला काहीच कारण नाही.

ब्राउझरमधून वेबसॉकेट उघडताना आपल्या पसंतीचे हेडर जोडता येत नाहीत. टोकन पत्त्यातच घालण्याचा मोह त्यातूनच होतो, पण पत्ते सर्व्हरच्या लॉगमध्ये उतरतात आणि टोकनही तिथे पडून राहते. त्यापेक्षा पहिल्या मेसेजमध्ये टोकन मागावे आणि ते काही सेकंदांत आले नाही तर १००८ कोडने कनेक्शन बंद करावे. शिवाय ओळख एकदाच पटवून भागत नाही. कनेक्शन तासन्‌तास उघडे असते. त्या काळात टोकनची मुदत संपू शकते, माणसाला गटातून काढलेले असू शकते. म्हणून परवानगी प्रत्येक मेसेजच्या वेळी तपासावी.

न आलेला मेसेज

माझ्या मते हँडलरची खरी परीक्षा शांततेत होते. फोनची रेंज गेली तर क्लोज फ्रेम येत नाही. सर्व्हरच्या दृष्टीने कनेक्शन जिवंतच असते. टीसीपीची स्वतःची चाचपणी लिनक्सवर मूलतः चालू नसते, आणि चालू केली तरी पहिली विचारणा २ तासांनी होते. म्हणून पिंग-पाँग हवे. पायथनची लायब्ररी दर २० सेकंदांनी पिंग पाठवते आणि उत्तरासाठी आणखी २० सेकंद थांबते. सॉकेट-आयओचे मूळ अंतर २५ सेकंदांचे आहे. समोर एनजिनएक्स असेल तर मागून ६० सेकंद काहीच न आल्यास ते मूलतः कनेक्शन तोडते, म्हणून पिंगचे अंतर त्याहून कमी हवे. ‘बरोबर मिनिटाने तुटते’ अशी तक्रार आली की आधी हाच आकडा पाहावा.

दुसरा शांत शत्रू म्हणजे मंद वाचणारा. सर्व्हर सगळ्यांना एकेक करून मेसेज पाठवत असेल आणि प्रत्येकाची वाट पाहत असेल, तर एका मंद फोनमुळे सगळा वर्ग खोळंबतो. वाट न पाहता नुसते पाठवत राहिले तर मंद ग्राहकाचे मेसेज सर्व्हरच्या मेमरीत साठत जातात. गोरिलाच्या उदाहरणातला उपाय स्वच्छ आहे: प्रत्येक ग्राहकासाठी २५६ मेसेजची स्वतंत्र रांग, आणि ती भरली की त्या ग्राहकाला काढून टाकायचे. भावांसारख्या माहितीत जुना मेसेज टाकून नवा ठेवणे अधिक योग्य. चॅटमध्ये मेसेज गाळता येत नाही, तिथे कनेक्शन तोडून पुन्हा जोडायला लावणेच प्रामाणिक. धोरण कोणतेही निवडा, रांगेला मर्यादा हवीच.

तिसरा प्रश्न तुटून पुन्हा जुळण्याचा. टीसीपी एका कनेक्शनमध्ये क्रम राखते. कनेक्शन तुटल्यावर शेवटचा मेसेज पोहोचला की नाही, हे ती सांगत नाही. म्हणून सर्व्हरने प्रत्येक मेसेजला चढता क्रमांक द्यावा आणि परत येणाऱ्या ग्राहकाने ‘मला अमुक क्रमांकापर्यंत मिळाले आहे’ असे सांगावे. ग्राहकाने पुन्हा पाठवलेला मेसेज त्याच्या क्रमांकावरून ओळखून दुसऱ्यांदा अमलात आणू नये. पैशांचा व्यवहार असेल तर हे अटळच आहे. सर्व्हर पुन्हा सुरू झाला की सगळे ग्राहक एकदम धावून येतात. त्यांनी वाढत्या आणि थोड्या यादृच्छिक अंतराने प्रयत्न करावा.

एकाहून अधिक सर्व्हर

एक सर्व्हर किती कनेक्शने पेलतो? १९९९ मध्ये डॅन केगेल यांनी दहा हजार ग्राहकांचा प्रश्न मांडला तेव्हा तो आकडा आव्हानाचा होता. २०१२ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने अर्लांगवर एका सर्व्हरवर २० लाखांहून अधिक कनेक्शने धरल्याचे जाहीर केले. ते वेबसॉकेट नव्हते, पण उघडी कनेक्शने धरण्याची मर्यादा किती दूर आहे हे त्यातून कळले. २०१५ मध्ये फीनिक्सने वेबसॉकेटवर २० लाखांचा टप्पा गाठून दाखवला. बहुतेक सेवांना त्याआधी साधी भिंत लागते: लिनक्सवर एका प्रोसेसला उघडता येणाऱ्या फाइलींची नेहमीची मर्यादा १,०२४ असते, आणि प्रत्येक कनेक्शन ही एक फाइलच असते.

दुसरा सर्व्हर आला की पहिल्यावरच्या माणसाचा मेसेज दुसऱ्यावरच्या माणसाला पोहोचवावा लागतो. त्यासाठी रेडिसचे पब-सब सर्रास वापरतात. ते वेगवान आहे, पण त्या क्षणी ऐकत नसलेल्या सर्व्हरचा मेसेज कायमचा हरवतो. पोस्टग्रेसची सूचना-सोय लहान सेवेला पुरते, मात्र एका सूचनेत ८,००० बाइटांहून कमीच मजकूर बसतो. म्हणून आधी मेसेज डेटाबेसात लिहावा आणि पब-सबवरून फक्त ‘नवे आले आहे’ अशी वर्दी द्यावी. वर्दी हरवली तरी मेसेज हरवत नाही.

वेबसॉकेट हवेच का?

ग्राहकाला फक्त ऐकायचे असेल, उदाहरणार्थ निकाल, स्कोअर किंवा सूचना, तर सर्व्हर-सेंट इव्हेंट पुरतात. ते साध्या एचटीटीपीवर चालतात, तुटले की ब्राउझर स्वतः पुन्हा जोडतो आणि शेवटच्या घटनेचा क्रमांकही सांगतो. भाषा-मॉडेलांचे उत्तर तुकड्या-तुकड्याने दाखवणाऱ्या अनेक सेवा हीच वाट वापरतात. एचटीटीपी १.१ वर एका स्थळासाठी ब्राउझर ६ च कनेक्शने देतो, ही अडचण एचटीटीपी २ वर उरत नाही. वेबसॉकेटही थांबलेले नाही. २०१८ मध्ये ते एचटीटीपी २ वर आणि २०२२ मध्ये एचटीटीपी ३ वर चालवण्याची मानके आली. मंद वाचणाऱ्याचा प्रश्न पायापासून सोडवू पाहणारे वेबट्रान्सपोर्टही पुढे येत आहे. तरी दुतर्फा, छोट्या आणि वारंवार मेसेजसाठी आजही वेबसॉकेट हाच सर्वांत सुरक्षित पर्याय आहे.

या सगळ्यातून बांधणीचा एक क्रम निघतो. आधी मेसेजचा करार कागदावर लिहावा. मग लूप, प्रकारांचा तक्ता, आकाराची मर्यादा, ओळख, पिंग आणि मर्यादित रांग एवढे घेऊन हँडलर लिहावा. चांगल्या लायब्ररीवर हे काम दीड-दोनशे ओळींत बसते. दुसरा सर्व्हर गरज पडल्यावर.

शिकवणाऱ्यांना माझी एक आग्रहाची विनंती आहे. प्रतिध्वनीच्या उदाहरणावर धडा संपवू नका. त्याच तासात विद्यार्थ्यांना पाच गोष्टी करून पाहायला लावा: नेट बंद करणे, सदोष जेसन पाठवणे, दहा मेगाबाइटचा मेसेज पाठवणे, ग्राहकाचे वाचणे थांबवणे आणि सर्व्हर मध्येच पुन्हा सुरू करणे. हे पाचही प्रसंग झेलून ज्याचा हँडलर बाकीच्यांना काही कळू न देता चालू राहतो, त्याला हा विषय आला असे खुशाल समजावे.